मदत मागणारीच्या मागावर आपणच?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या संस्थेच्या तिमाही आढावा बैठकीत भिंतीवर एक तक्ता दाखवला गेला. डावीकडे शब्द, उजवीकडे आकडे, आणि वर मथळा : 'अभ्यागतांनी काय शोधले'. आमच्या वेबसाइटवर वरच्या कोपऱ्यात शोधायची एक चौकट आहे. कायद्याची माहिती पटकन सापडावी म्हणून ती ठेवली होती. बायका तिथे 'पोटगी', 'स्त्रीधन', 'संरक्षण अधिकारी' असे शब्द टाकतील अशी आमची समजूत. काहीजणींनी टाकलेही होते. पण बाकीच्यांनी त्या चौकटीशी माणसाशी बोलावे तसे बोलून ठेवले होते. 'नवरा मारतो, तक्रार केली तर मुलं कोणाकडे राहतील.' 'सासरे रात्री खोलीत येतात, कोणाला सांगू.' 'बारावीला आहे, घरच्यांनी लग्न ठरवलं, थांबवता येईल का.' एका ओळीत तर बाईने स्वतःचे पूर्ण नाव, गावाचे नाव आणि नवरा कुठे कामाला आहे तेही लिहिले होते. (वरची वाक्ये मी इथे बदलून दिली आहेत. नाव-गावाची ओळ देण्याचा प्रश्नच येत नाही.)

संपर्काचे काम पाहण्यासाठी नेमलेला सल्लागार तरुण आणि कष्टाळू होता. तो म्हणाला, ''मॅडम, एंगेजमेंट फारच चांगली आहे.''

बैठकीत अकराजण होतो. त्यातल्या तिघांचा समुपदेशनाशी काही संबंध नाही. आमच्या केस-फायली लोखंडी कपाटात असतात आणि किल्ली दोघींकडेच असते. नवीन कार्यकर्तीला पहिले सहा महिने आम्ही फाईल एकटीने उघडू देत नाही. आणि इथे बायकांची वाक्ये भिंतीवर, चहाचे कप हातात धरून आम्ही सगळे वाचत होतो!

मी विचारले, ''हे आपल्याकडे आलं कसं?''

''टॅग मॅनेजरमधून.''

''आणि आपल्याशिवाय आणखी कुणाकडे गेलं?''

यावर तो जरा थांबला. ''ते बघावं लागेल, मॅडम,'' म्हणाला.

आम्ही बघितले. त्याला तीन दिवस लागले. मला तोवर टॅग मॅनेजर हे तांत्रिक माणसांचे काहीतरी असावे असे वाटत होते आणि त्याची माहिती करून घेणे हे आपले काम आहे असे कधी वाटलेच नव्हते. तुमच्यापैकी बहुतेकींचेही तसेच असेल. म्हणून आधी ही भानगड साध्या शब्दांत सांगते.

आपल्या वेबसाइटवर कोण आले, कुठून आले, कोणते पान किती वेळ पाहिले हे मोजण्यासाठी मोजणाऱ्या कंपनीच्या संगणकीय ओळी आपल्या पानात घालाव्या लागतात. अशा प्रत्येक तुकड्याला टॅग म्हणतात. मोजणीचा एक टॅग, जाहिरातीचा दुसरा, फेसबुकचा तिसरा. पूर्वी प्रत्येक वेळी वेबसाइट बांधणाऱ्याला बोलवावे लागे. तो विचारायचा, हे कशाला? निदान एक माणूस तरी मध्ये होता. टॅग मॅनेजरने तो माणूस काढून टाकला. एकदाच एक रिकामा डबा पानात बसवायचा. त्याला कंटेनर असेच नाव आहे. त्यानंतर ज्याच्या हाती त्या डब्याचा अधिकार आहे तो कुठूनही, वेबसाइटला हात न लावता, त्यात हवे ते टॅग भरू शकतो. गूगलने आपला टॅग मॅनेजर २०१२ साली आणला आणि फुकट दिला. आज तो सगळ्यांत जास्त पसरलेला आहे. इतर कंपन्यांचेही आहेत. तत्त्व एकच.

आता डब्यातला टॅग केव्हा जागा व्हायचा हे ठरवण्यासाठी 'ट्रिगर' लावतात. पान उघडले की, पान अर्ध्यापर्यंत सरकवले की, बटण दाबले की, फॉर्म पाठवला की. आणि जागा झाल्यावर काय उचलायचे हेही ठरवता येते : पानाचा पत्ता, बाई त्याआधी कोणत्या पानावर होती ते, दाबलेल्या बटणावरची अक्षरे. आपण शोधायच्या चौकटीत काही लिहिले की बहुतेक वेबसाइटवर ते शब्द पानाच्या पत्त्यातच जाऊन बसतात. आणि पानाचा पत्ता तर जवळजवळ प्रत्येक टॅग उचलतोच. म्हणजे त्या बाईचे नाव, गाव, नवऱ्याची नोकरी हे सर्व कुणी मुद्दाम चोरले नव्हते. पत्त्याच्या पाकिटावरच ते लिहिले गेले होते आणि पाकीट डब्यातल्या प्रत्येक टॅगने आपापल्या मालकाकडे पोचवले होते.

आमच्या डब्यात पाच टॅग निघाले. त्यातले दोन कशासाठी आहेत हे कुणालाच सांगता येईना. मागच्या एका निधी-संकलन मोहिमेच्या वेळी बसवलेला एका समाजमाध्यम कंपनीचा टॅग मोहीम संपून वर्ष झाले तरी प्रत्येक पानावर चालूच होता. डबा उघडण्याचा अधिकार सातजणांकडे होता. त्यात नोकरी सोडून गेलेली एक मुलगी होती, आणि एका जाहिरात संस्थेचा एक ईमेल पत्ता, ज्यामागे माणूस कोण हे आजही आम्हांला ठाऊक नाही.

पण मला सगळ्यांत जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. आमच्या वेबसाइटवर लाल रंगाचे एक बटण आहे : 'लगेच बाहेर पडा'. बाई वाचत असताना कुणी खोलीत आले तर ते दाबायचे, म्हणजे हवामानाचे पान उघडते. (त्याने मागचा इतिहास पुसला जात नाही. तो वेगळा पुसावा लागतो, हेही आम्ही तिथेच लिहिले आहे.) त्या बटणावरही टॅग होता. बाई घाबरून पळाली की त्या पळण्याची नोंद व्हायची. तक्त्यात तिला 'इव्हेंट' म्हटले होते.

कुणी म्हणेल, ही एका संस्थेच्या निष्काळजीपणाची हकिकत झाली. आहेच. तो आमचाच आहे, आणि मी तो कुणा कंपनीवर ढकलत नाही. पण मग जगात हा निष्काळजीपणा एकसारखा, एकाच पद्धतीने, इतक्या ठिकाणी कसा होतो?

अमेरिकेत 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने जून २०२२ मध्ये तिथल्या नामांकित १०० रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या. त्यातल्या ३३ ठिकाणी फेसबुकचा टॅग सापडला. त्याला ते पिक्सेल म्हणतात. ओहायो राज्यातल्या एका रुग्णालयाच्या वेबसाइटवर भेटीची वेळ घेण्याचे बटण दाबले, की डॉक्टरचे नाव आणि त्या डॉक्टरपर्यंत पोचण्यासाठी शोधलेले शब्दही फेसबुककडे जात होते. तपासणाऱ्यांनी शोधलेले शब्द गर्भपाताचे होते. त्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले, हे आठवून पाहा.

ब्रिटनमध्ये जुलै २०२३ मध्ये 'ऑब्झर्व्हर'ने उघड केले की लंडनच्या महानगर पोलिसांच्या वेबसाइटवर लैंगिक अत्याचाराची तक्रार 'सुरक्षितपणे आणि गुप्तपणे' नोंदवण्याच्या दुव्यावर कुणी बोट ठेवले, की ती बातमी फेसबुकला जात होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली मानसिक समुपदेशन पुरवणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीला, लोकांनी विश्वासाने भरलेली माहिती जाहिरातीसाठी फेसबुक आणि इतरांना दिल्याबद्दल, ७८ लाख डॉलर द्यायला लावले. पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपवर त्याच कमिशनने २०२१ मध्ये कारवाई केली होती. तिथे ॲप होते, त्यामुळे तंत्र थोडे वेगळे, जात तीच. त्याच प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्यूरीने फेसबुकची मालक कंपनी मेटा हिला दोषी धरले.

रुग्णालय, पोलीस, समुपदेशन, पाळी. बाई जिथे जिथे दार लावून बोलते ती ही सर्व ठिकाणे. हा योगायोग नव्हे. टॅग मॅनेजर हे साधन दुकानदारासाठी बनवले गेले. गिऱ्हाईक कोणत्या साडीपाशी थांबले, कोणती टोपलीत टाकली आणि पैसे न देता का निघून गेले, हे दुकानदाराला कळावे आणि ती साडी पुढचे आठ दिवस तिला जिथे तिथे दिसत राहावी, यासाठी. ते साधन उचलून आपण आपल्या दारात बसवले. साधनाला साडी आणि मार यांतला फरक कळत नाही. तो कळायला हवा होता आपल्याला.

भाषाच पाहा ना. फॉर्म भरून मदत मागणाऱ्या बाईला या पद्धतीत 'कन्व्हर्जन' म्हणतात, कारण पाहुण्याचे गिऱ्हाइकात रूपांतर झाले! आणि ही भाषा आपल्याकडे उगाच आली नाही. ती पैशाच्या वाटेने आली. गूगल स्वयंसेवी संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट देते. आपल्या देशातल्या नोंदणीकृत संस्थांनाही त्या मिळतात. पण त्यासाठी कन्व्हर्जन मोजून दाखवावे लागतात, ती योजनेची अट आहे. न मोजणाऱ्या संस्थेला टिकता येत नाही. दुसरीकडे, निधी देणाऱ्यांच्या अहवालाच्या नमुन्यांत आता 'डिजिटल पोहोच' नावाचा रकाना असतो. किती आल्या, किती थांबल्या, किती जणींनी 'मदत हवी' बटण दाबले. आकडा वाढला तर पुढचा हप्ता. म्हणजे हिंसा सोसणारी बाई जितकी जास्त वेळा आपल्या पानावर येईल तितके आपले काम चांगले. याहून उफराटा हिशेब कोणता असेल?

मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. केले आहे. आम्हांला पहिल्याच सत्रात बिस्टेक शिकवला जातो. व्यक्तिसहाय्य कार्याची त्याने १९५७ साली मांडलेली सात तत्त्वे आम्ही पाठ केली. सातवे गोपनीयतेचे. परीक्षेत त्यावर हमखास टीप यायची आणि आम्ही ती दहापैकी आठ गुण मिळतील अशी लिहायचो. पुढे मूल्यमापन आणि देखरेख हा वेगळा विषय आला. त्यात निर्देशक, आधाररेषा, पोहोच हे सर्व शिकलो. या दोन विषयांचे आपसात भांडण आहे हे कुणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

चळवळीला मात्र गोपनीयता पाठ्यपुस्तकातून मिळालेली नाही. ती भांडून मिळवलेली आहे. मथुरा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९८० साली देशभर जे आंदोलन उभे राहिले, त्यातून १९८३ चा फौजदारी कायद्यातला बदल आला आणि त्यातच बलात्कारित स्त्रीची ओळख जाहीर करणे गुन्हा ठरवणारे कलम २२८ अ आले. आता नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. (ज्या मुलीमुळे हे झाले तिचे नाव मात्र आपण आजही सर्रास घेतो. मीही आत्ताच घेतले. यावर कधीतरी आपण बोलायला हवे.) कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव उघड करण्यावर शिक्षेसह बंदी आली. एकेक कलम असे पदरात पडले आहे. आणि ज्या गोष्टी न्यायालयाच्या कारकुनाने बाहेर सांगितल्या तर आपण मोर्चा काढू, त्या आपण स्वतःच्या पानातून, फुकटच्या साधनासाठी, परदेशी जाहिरात कंपन्यांना रोज पुरवत राहतो.

''नाव थोडंच जातं? माहिती अनामिक असते,'' असे मला दोन-तीन मैत्रिणींनी सांगितले. हे खरे मानण्यापूर्वी थोडे थांबा. नाव लिहिलेले नसले तरी फोनच्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवलेली असते. तिला कुकी म्हणतात. त्याच ब्राउझरमध्ये समाजमाध्यमाचे खाते उघडे असेल तर ती खूण त्या खात्याला जोडली जाऊ शकते, आणि खात्याला नाव, फोटो, नातेवाईक सर्व असते. कंपन्या म्हणतात, संवेदनशील माहिती पाठवू नका असा आमचा नियम आहे. नियम आहे खरा. पण तो वाचला की कळते, पाळण्याची जबाबदारी वेबसाइटवाल्यांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर टाकली आहे. आमच्या संस्थेत तो नियम बैठकीपूर्वी कुणीही वाचलेला नव्हता.

शिवाय आपल्याकडे फोन कुणाचा असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या जेमतेम ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. म्हणजे कितीतरी घरांत बाई आपले पान उघडते ते नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या फोनवर. ती वाचते, इतिहास पुसते, फोन जागेवर ठेवते. इथवर तिने सगळी सावधगिरी घेतली. पण ब्राउझरमधली खूण इतिहासाबरोबर पुसली गेलीच असेल असे नाही, आणि कंपनीच्या दफ्तरातली नोंद तर तिच्या हातातच नाही. त्या नोंदीवरून संध्याकाळी त्याच फोनवर घटस्फोटाच्या वकिलाची जाहिरात दिसली तर? फोन त्या वेळी कुणाच्या हातात असेल? अमेरिकेतल्या सुशिक्षित गिऱ्हाइकासाठी हा 'खासगीपणाचा भंग' असेल. आपल्या बाईला त्याच रात्री त्याची किंमत द्यावी लागेल.

''मग संमती घ्या की,'' हा दुसरा सल्ला. पानाच्या तळाशी पट्टी येते, त्यावर बारीक अक्षरांत मजकूर, पुष्कळदा इंग्रजीत, आणि एक ठळक बटण 'मान्य'. रात्री साडेअकराला स्नानगृहात बसून पान उघडणारी बाई तो मजकूर वाचेल आणि विचारपूर्वक मान्य म्हणेल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा तरी आमच्या हेल्पलाइनवर रात्रपाळी करावी. बलात्कारविरोधी लढ्यात आपणच म्हणत आलो ना, की दबावाखाली दिलेला होकार हा होकार नव्हे?

एक आक्षेप मात्र मला झटकून टाकता येत नाही. एका मोठ्या संस्थेत काम करणारी माझी जुनी मैत्रीण मला म्हणाली, ''अगं, या आकड्यांमुळेच आम्हांला कळलं की पोटगीचं पान सर्वांत जास्त रात्री अकरा ते एक या वेळात उघडलं जातं. मग आम्ही फोनची वेळ बदलली. भावनेच्या भरात हे सगळं फेकून देणार का?'' तिचे म्हणणे खोटे नाही. फोनची वेळ बदलल्याने ज्या बायकांशी बोलता आले त्या खऱ्या आहेत. बायकांचे काम आहे म्हणून अंदाजाने केले तरी चालते, असे मी कधीच म्हणणार नाही. पण तिला जे कळले ते कळायला टॅग मॅनेजर लागतो का? वेबसाइट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्याच्या नोंदवहीत कोणते पान किती वाजता उघडले हे आपोआप नोंदले जाते. त्यातला उघडणाऱ्याचा क्रमांक काढून टाकला की उरते ते पान आणि वेळ. रात्री अकरा ते एक हे त्यातूनही दिसले असते. मोठ्या संस्थांना याहून जास्त तपशील हवा असेल तर मटोमोसारखे साधन स्वतःच्या जागेवर बसवता येते, कुकीशिवायही चालवता येते, आणि नोंदी आपल्याच कपाटात राहतात. त्याला थोडा खर्च येतो, माणूस लागतो. फुकटचे मिळते म्हणून आपण कार्यालयाच्या दारात परक्या कंपनीचा पहारेकरी बसवू का? मग इथेच का बसवतो?

आणि एक अगदी साधी गोष्ट. फोनवर बोलताना आम्ही आता शेवटी विचारतो, ''ताई, आमचा नंबर कुठून मिळाला?'' सांगायचे तर सांगतात, नाहीतर नाही. रजिस्टरात एक रकाना वाढला. तीन महिन्यांत जे कळले ते वर्षभराच्या तक्त्यांनी सांगितले नव्हते : वेबसाइटवरून आलेल्यांत पुष्कळशा बायका स्वतः आलेल्याच नव्हत्या. त्यांच्या मुलींनी, भाच्यांनी पान वाचून नंबर कागदावर लिहून दिला होता. टॅगच्या हिशेबात त्या मुली 'पान सोडून गेलेल्या' होत्या.

कायद्याचे काय, असे कार्यकर्त्या विचारतात. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि आपल्यासारख्या माहिती ठेवणाऱ्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना तिथून पुढे १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. सरकारने आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट देण्याची वाट त्यात राखून ठेवली आहे, म्हणून या कायद्याचे मी गोडवे गाणार नाही. तरी एक कलम आपण सर्वांनी वाचायला हवे. कलम ९ : अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे, माग काढणे, त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणे याला काही अपवाद सोडता मनाई आहे, आणि दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. किशोरवयीन मुलींसाठी पाळीवर, बालविवाहावर पाने चालवणाऱ्या आपल्यातल्या किती संस्थांनी आपला डबा उघडून पाहिला आहे? पण कायदा येईपर्यंत थांबायचे आणि आला की दंडाच्या धाकाने डबा काढायचा, ही चळवळीची रीत नाही. २२८ अ यायच्या आधीही आपण नावे बदलूनच लिहीत होतो.

आमच्याकडे काय झाले ते सांगते. डबा काढून टाकला. तक्रारीसाठी असलेल्या पानांवर बाहेरच्या कुणाचीही एक ओळ राहणार नाही असा ठराव केला. यात नकाशे, बाहेरचे व्हिडिओ आणि अक्षरांचे वळणही आले, कारण तेही बाहेरून मागवले की बाहेर पत्ता जातो. हे आम्हांला उशिरा कळले. शोधायच्या चौकटीवर 'नाव-गाव लिहू नका, फोन करा' असे मराठीत आणि हिंदीत लिहिले. फुकटच्या जाहिराती बंद झाल्या. पहिल्या दोन महिन्यांत वेबसाइटवर येणाऱ्यांची संख्या घटली, आणि कार्यकारिणीत यावरून भांडण झाले. ते अजून मिटलेले नाही. दोघी सदस्यांचे म्हणणे, ज्या आल्या नाहीत त्यांचे काय? याचे उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणते, की त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी आपण पूर्वी जे करत होतो, रेशनच्या दुकानावर चिकटवायचे कागद, आशाताईंच्या बैठका, बचत गटांतले तास, ते वेबसाइट आल्यापासून आपण कमी केले आहे, आणि तो दोष टॅग काढण्याचा नाही.

या अंकाच्या वाचक संस्थांना माझे सांगणे आहे. आपल्या वेबसाइटवाल्याला बोलवा आणि समोर बसवून विचारा : आपल्या पानात कोणता डबा आहे, त्यात काय आहे, त्याची किल्ली कुणाकडे आहे. उत्तर कागदावर, सहीनिशी घ्या. 'ते स्टँडर्डच असतं' हे उत्तर स्वीकारू नका. समन्वय समितीच्या पुढच्या बैठकीत निधी देणाऱ्यांना एकत्रित पत्र पाठवण्याचा विषय मी ठेवते आहे. मदत मागणाऱ्या स्त्रियांच्या वेबसाइटवरच्या हालचालींचे आकडे कोणतीही संस्था देणार नाही, आणि त्यामुळे कुणाचा हप्ता अडवला गेला तर तो सर्वांचा प्रश्न मानला जाईल, असा मसुदा तयार आहे. एकटीदुकटीने नकार दिला तर काय होते ते आम्ही पाहिले. सहामाही अहवालात 'डिजिटल पोहोच'च्या रकान्यात आम्ही 'मोजत नाही' असे लिहिले. चौथ्या दिवशी फोन आला की अहवाल अपूर्ण आहे.

राहिली ती ओळ, नाव-गाव लिहिलेली. आमच्या खात्यातून ती पुसता आली. बाकीच्या टॅगवाटे जिथे जिथे गेली तिथून ती परत मागण्यासाठी आम्ही पत्रे लिहिली. एकीकडून ठरावीक साच्यातले उत्तर आले, दुसरीकडून काहीच नाही. त्या बाईला हे सांगायला हवे असे आम्हां सगळ्यांचे मत पडले. पण तिने फोन नंबर दिलेला नव्हता. गावात माणूस पाठवला तर का आला म्हणून चौकशी होणार, आणि ज्याच्यापासून लपवून तिने ते लिहिले त्याच्या कानावर ते पहिल्यांदा जाणार. दोन बैठका यावर झाल्या. अजून ठरलेले नाही.